मुंगीनं सांगितलं ते

४ फेब्रुवारी

मुंगीच्या आईस,

पाकीट आधीच फोडलेलं दिसलं तर दचकू नकोस. ते मुंगीची केस बघणाऱ्या समन्वयक बाईंनी फोडलंय. मी तुला फोन करायचा नाही, घराकडे फिरकायचं नाही, लिहायचंच असेल तर पत्र त्यांच्या हातात द्यायचं, त्या वाचणार आणि मगच तुझ्याकडे पोचवणार, असं ठरलंय. म्हणजे आता नवराबायकोच्या मध्ये एक वाचक बसलाय. बाई, नमस्कार. तुमच्याबद्दल वाईट काही लिहिणार नाही, निश्चिंत असा.

मी ताईकडे आहे. बाहेरच्या खोलीत झोपतो. झोपतो म्हणजे आडवा होतो. आल्यापासून नळाचा वायसर बदलला, बाथरूमच्या दाराची बिजागरी बसवली, पंख्याची खरखर घालवली. आज सकाळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो, तर ताईनं पान्हे, पक्कड, सगळं उचलून कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं. म्हणाली, "ते चांगलं चाललंय, त्याच्या वाटेला जाऊ नकोस."

आता घरचं. गॅसचं मागचं बटण आधी आत दाबायचं, मग फिरवायचं. मुंगीच्या डाव्या बुटाचा पट्टा निघालाय, जाड दोऱ्यानं दोन टाके घाल. आणि तिचं गणित थोडे दिवस राहू दे. भागाकार कुठं पळून जात नाही. चुकला तर चुकला, वर्गबाई बघून घेतील. संध्याकाळी तुझी ऑर्डरची शिलाई असते, तू दमलेली असतेस, तेव्हा वही उघडूच नका.

तुझा कापड मोजायचा लाकडी गज शोधत असशील. तो माझ्या सामानात इकडं आलाय. ताईला पडदे शिवायचेत, मापाला होईल. तू टेपवर भागव.

त्या दुपारचं काय लिहू? कवायतीच्या तासाला मुंगीनं मोजे काढले, वर्गबाईंना पोटऱ्यांवरचे वळ दिसले, त्यांनी फोन केला आणि मुंगी घरी पोचते न पोचते तोच माणसं आपल्या घरात. एवढ्या लवकर येतील असं वाटलं नव्हतं. इन्स्पेक्टर बाई साध्या कपड्यात होत्या. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?" आणि मी म्हणालो, "मी."

तू माझ्याकडे बघितलंस. तुझं तोंड अर्धवट उघडलेलं होतं. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मी बोललोय ते बोललोय. तू त्यात भर घालू नकोस. जेवत जा.

मी


९ फेब्रुवारी

मुंगीच्या आईस,

तुझं उत्तर नाही. बाई म्हणतात पत्र पोचलं. बाई, खरंच पोचलं ना?

काल मला त्यांच्या जागेवर बोलावलं होतं. मी चौकी डोक्यात धरून गेलो होतो. बाक, जाळीची खिडकी, खाली बसवतात तसलं काही. तर निघालं एक साधं घर. दारात चपलांचा ढीग, आत भिंतीला पिवळा रंग, एका कोपऱ्यात मुलांच्या बुटक्या खुर्च्या. मोठ्या खोलीत एक टेबल आणि त्याच्याभोवती पाच जण. इन्स्पेक्टर बाई, डॉक्टर, सरकारी वकील, आपल्या वर्गबाई आणि समन्वयक बाई. वर्गबाईंना बघून मी दारातच थांबलो. पोलिसांपुढं माणूस बोलून जातो, पण आपल्या पोरीच्या बाईंपुढं?

समन्वयक बाईंनी आधी नवा कायदा समजावला. पूर्वी असं काही झालं की पोरानं आधी पोलिसांना सांगायचं, मग दवाखान्यात, मग वकिलाला, मग कोर्टात, आणि प्रत्येक जण नव्यानं विचारणार. पोराच्या बोलण्यात एवढासा फरक पडला की म्हणायचं, खोटं बोलतंय. आणि पोलिसांना माहीत ते डॉक्टरला माहीत नाही, डॉक्टरला माहीत ते शाळेला नाही. आता कायद्यानंच सगळ्यांना एका टेबलाशी बसवलंय. आणि पोराशी एकच माणूस बोलणार, एकदाच. मुंगीशी बोलायला एक वेगळ्या बाई येणार आहेत. त्या या अख्ख्या भागात एकट्याच आहेत, म्हणून थोडं थांबावं लागतंय.

घरी हे सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "पाच माणसं एका टेबलाशी बसली की चहा होतो, काम होत नाही." चहा झाला, हे खरं. मलाही दिला.

मग डॉक्टरांनी विचारलं, "कशानं मारलंत?"

मी म्हणालो, "हातानं."

त्यांनी समोरच्या फोटोकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा तेच विचारलं, अगदी हळू. मी म्हणालो, "पट्ट्यानं. कमरेच्या." त्यांनी दोन्ही लिहून घेतलं.

"राग कशाचा आला होता?" वकिलांनी विचारलं.

म्हटलं, "ऐकत नाही ती."

वर्गबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "ऐकत नाही? माझ्या वर्गात तर ती खडू पडला तरी सॉरी म्हणते."

मी चहाचा कप उचलला. दुसरं काय करणार?

बाहेर ताई उभी होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तू? डास मार म्हटलं तर खिडकी उघडून बाहेर घालवतोस. दोन वर्षांत त्या पोरीला तू साधं 'गप' म्हणालेलं मी ऐकलं नाही. कुणाला वाचवतोयस?"

मी म्हणालो, "ताई, घड्याळ मागं पडतंय, बघू का?"

ती आत निघून गेली. माझ्याशी बोलत नाहीये. इथं सगळ्यांचाच आवाज बंद झालाय. निदान तू दोन ओळी लिही.

मी


१३ फेब्रुवारी

ऐक,

तुझ्या दोन ओळी आल्या. "मुंगी बरी आहे. शाळेत जाते." दोन ओळी मागितल्या होत्या, मोजून तेवढ्याच दिल्यास. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की आता बरी या शब्दाचा अर्थच लागेनासा झालाय.

बाई, पुढचं तुमच्यासाठी पण आहे. लिहून घ्या. परवा संध्याकाळी मी घराकडे गेलो होतो. वर आलो नाही. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. मनाई आहे, माहीत आहे. पाय ऐकेनात.

आपली खिडकी उघडी होती. मशीन बंद होतं, म्हणजे शिलाई चालू नव्हती. मुंगी टेबलाशी बसली होती, समोर वही. तू तिच्यामागं उभी होतीस. पाठमोरी, त्यामुळे तुझा चेहरा दिसला नाही. मुंगीचे खांदे दिसत होते. कानाला टेकले होते गं.

मी हाक मारणार होतो. मारली नाही. हाक मारली असती तर काय सांगणार होतो? तिथून चालत निघालो तो बस सोडून चालतच राहिलो.

काल कामावर माझ्या हातून व्हायला नको ते झालं. कापडबाजाराच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करताना दाराची सुरक्षा मी तात्पुरती बंद केली होती. काम झाल्यावर ती परत जोडायची, हे आमच्यात शिकाऊ पोरालाही सांगावं लागत नाही. मी विसरलो. दार उघडं असतानाही लिफ्ट हलली असती. एका आजोबांनी पाय आत टाकला होता. माझ्या सोबत्यानं वरून ओरडून वीज बंद केली म्हणून निभावलं. साहेब आले. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "तुझं डोकं जागेवर येईपर्यंत घरी बस."

घरी. कुठल्या?

आजोबांचा पाय सारखा डोळ्यांपुढं येतोय. सगळं सुरक्षित केलंय असं समजून मी पाठ फिरवली आणि मागं दार उघडंच राहिलं.

म्हणून आता हे लिहितोय आणि तुला ते समजेल. मुंगीला ताईकडे पाठव. मी इथून निघतो, कंपनीच्या गोदामात राहीन. पाहुणी म्हणून पाठव, ताईला पडदे शिवायला मदत करायला म्हणून पाठव, काहीही सांग. पण पाठव.

मी


१७ फेब्रुवारी

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मुंगी ताईकडे आलेली असेल. तुझ्यासमोरूनच तिला घेऊन गेले असं कळलं. कसं नेलं, ती रडली का, मला माहीत नाही. मी तेव्हा त्या पिवळ्या घरात बसलो होतो.

आज त्या बाई मुंगीशी बोलल्या. एका खोलीत दोघीच. बाकीचे पाचही जण शेजारच्या खोलीत, पडद्यावर बघत. मी तिसऱ्या खोलीत. काय झालं ते समन्वयक बाईंनी नंतर सांगितलं. तुलाही सांगायला त्यांची हरकत नाही.

बाईंनी मुंगीला माझं नाव विचारलं नाही, तुझं विचारलं नाही. "तुझ्या पायाबद्दल मला सांग" एवढंच. मुंगी लगेच म्हणाली, "लिफ्टवाल्यानं मारलं." माझं तिनं पाडलेलं नाव, तेच. पाठ केल्यासारखं. कारण पाठच केलं होतं. त्या दुपारी माणसं जिना चढत होती तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन कानात सांगितलं होतं, कुणीही विचारलं तरी माझं नाव घ्यायचं. तुला हे माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

मग डॉक्टरांनी तिच्या दंडावर नवा वळ पाहिला होता, त्याबद्दल बाईंनी विचारलं.

"हेही लिफ्टवाल्यानंच."

"हे कधी झालं?"

"परवा."

"लिफ्टवाला परवा कुठं होता?"

"आत्याकडे."

मुंगीनं थोडा विचार केला म्हणे आणि सांगितलं, "तिकडनं आला, मारलं आणि परत गेला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आता मी सगळं सांगितलं ना? मग आता त्याला घरी पाठवा."

समन्वयक बाई हे सांगत होत्या तेव्हा मी भिंतीवरचा रंग नखानं खरवडत होतो. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला.

नंतर मला टेबलाशी बसवलं. डॉक्टर म्हणाले, "दंडावरचा वळ वाकलेला आहे, दुहेरी. मापाच्या टेपचा." वर्गबाई म्हणाल्या, "चाचणीचा पेपर घरी गेला की दुसऱ्या दिवशी ही पोरगी बाही ओढत येते. मला वाटायचं थंडी वाजते." समन्वयक बाई म्हणाल्या, "गणित आणि गज, दोन्ही मला पहिल्याच पत्रात खटकलं होतं. म्हणून तर आजची भेट मागं लागून अलीकडे आणली. तरी उशीरच झाला."

इन्स्पेक्टर बाई सगळ्यात शेवटी बोलल्या. "खरं सांगू? मला हे एकत्र बसणं आवडत नाही. जुना कायदा असता तर तुमच्या कबुलीवर मी त्याच दिवशी तुम्हाला आत टाकून मोकळी झाले असते. तुम्ही आत आणि पोरगी त्या घरात. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

मी म्हणालो, "मला ती मुलांच्या संस्थेत जायला नको होती."

"कोण संस्थेत पाठवत होतं?"

माझ्या एका सोबत्याचा पुतण्या असाच नेला होता, मागं. वर्षभर काका दारात उभा राहायचा, पोराला त्याच्याकडे देत नव्हते. तेवढं एक माझ्या डोक्यात बसलं होतं. सरकारी वकिलांनी कायद्याचं पान माझ्यापुढं सरकवलं आणि बोट ठेवलं. पोराला घरातून हलवायचंच असेल तर आधी जवळचं नातं बघायचं. मारणारं माणूस सुधारायला तयार असेल तर त्याला मदत द्यायची आणि पोराची भेट तोडायची नाही. मी ते पान वाचलंच नव्हतं. कुणाला विचारलंही नव्हतं.

गज मी नेला आणि टेप तुझ्या हातात ठेवून आलो. वर लिहिलं की टेपवर भागव.

मी त्यांना खरं सांगितलं. तुझं नाव घेतलं. दोन वर्षांत जेवढं पाहिलं तेवढं सांगितलं, वाढवून नाही, कमी करून नाही. तू दिवस-दिवस पोरीसाठी राबतेस, तिच्या हातात कात्री नको पेन पाहिजे म्हणून तळमळतेस, तेही सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

आता तू मला काय म्हणशील ते म्हण.


२ मार्च

मुंगीच्या आईस,

तू लिहीत नाहीस. समन्वयक बाई म्हणतात तू त्यांच्याशीही फार बोलत नाहीस, पण ठरलेल्या दिवशी समुपदेशनाला जातेस. बरं केलंस. मलाही जायला लावलंय. खोटी कबुली दिली म्हणून इन्स्पेक्टर बाईंनी लेखी ताकीद दिली आणि वर हे. आमच्या वर्गात सगळे बापच आहेत, एक आजी सोडून. ती आजी आम्हा सगळ्यांना पुरून उरते.

मी ताईकडेच राहतोय, टीमनं परवानगी दिली. मुंगीबरोबर ताई किंवा भाऊजी, कुणीतरी हवंच, मी एकट्यानं तिला कुठं न्यायचं नाही. रास्त आहे. कामावरही परत घेतलंय, पण माझं काम दुसरा तपासतो.

मुंगी पहिले दोन दिवस फक्त "हो" म्हणत होती. जेवतेस? हो. झोपतेस? हो. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी विचारलं, "तुला माझी गाडी चालवायला देऊ?" तर म्हणाली, "हो," आणि मग स्वतःच हसली. भाऊजी दिवसभर सगळ्यांना सांगत होते.

परवा तिनं गणिताची वही काढली. आपणहून. ताई भाजी निवडत होती, मी जरा लांब बसलो होतो. बेरीज चुकली. कुणी काही बोललं नाही, तरी तिनं दोन्ही हात टेबलाखाली घातले आणि डोळे मिटले. ताईनं भाजीची परात खाली ठेवली. उठून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मला पण हे येत नाही. मी याच इयत्तेत दोनदा बसले होते." मुंगीनं एक डोळा उघडला. "खरंच?" "विचार तुझ्या लिफ्टवाल्याला." खरंच आहे. ताई दोनदा बसली होती.

नंतर मी मुंगीला सांगितलं, ताईसमोर. "मी तुला खोटं सांगायला लावलं, ते माझं चुकलं."

ती म्हणाली, "मी नीट सांगितलं होतं. त्या बाईंना कळलं कसं?"

"कारण मी तेव्हा आत्याकडे होतो."

"मग तू आधी नीट सांगायचं होतंस. कुठल्या दिवसाचं सांगायचं आणि कुठल्या दिवसाचं नाही ते."

तिला वाटतंय ती नापास झाली. म्हणून आपण वेगळे राहतोय. मी खूप समजावलं. मुंडी हलवली, पण पटलं नाही. हे मात्र मी एकट्यानं करून ठेवलंय. तुझा यात हात नाही.

ती विचारते, आई कुठंय. मी सांगतो, घरी. ती विचारते, एकटी? मी सांगतो, हो. मग पुढं विचारत नाही.


११ मार्च

तुझं पत्र आलं. चार पानं. ताईनं विचारलं काय लिहिलंय, मी वाचून दाखवू शकलो नाही. तिच्या हातात दिलं.

तू लिहितेस, "मला कुणी काही विचारायच्या आत तू उत्तर दिलंस. त्या बाईंनी स्वयंपाकघरात विचारलं तेव्हा मी 'मी' म्हणणार होते. तोंड उघडलं होतं. वर्षभर कुणीतरी विचारावं म्हणून मी वाट बघत होते, मला स्वतःहून सांगायची हिंमत नव्हती. आणि विचारलं तेव्हा तू मध्ये आलास. मग मी तोंड मिटलं. एकदा मिटल्यावर ते उघडेना. दुसऱ्या दिवशी मी स्वतःला म्हणाले, बरं झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात टेप हातात होती. आता मला कळत नाही मी जास्त कुणावर चिडलेय, माझ्यावर की तुझ्यावर."

मी तो क्षण पुन्हा पुन्हा आठवतोय. तुझं उघडं तोंड मी पाहिलं होतं. मला वाटलं तू घाबरलीस. मला वाटलं तुला माझी गरज आहे. एवढं बरं वाटलं होतं मला त्या वेळी, खोटं नाही सांगत. तुझा दुसरा नवरा, दुसऱ्याच्या पोरीचा बाप होऊन आलेला माणूस मी, लिफ्टवाला. आता घर माझ्यामुळे उभं राहणार, असं वाटलं.

तुला विचारायचं सुचलंच नाही.

तू लिहितेस की कोर्टात तू स्वतः उभी राहणार, वकील काही म्हणोत. टीमनं कोर्टाला कळवलंय की तू उपचार घेतेयस आणि पोरीशी नातं तुटू नये, त्यामुळे तुला आत घालणार नाहीत असं वकिलांचं मत आहे. पण गुन्ह्याची नोंद होणार आणि वर्षभर देखरेख राहणार. "होऊ दे," असं तू लिहिलंयस. आणि खाली, "मुंगी परत येईपर्यंत तू घरी येऊ नकोस. आधी ती येऊ दे. मग तुझं बघू."

बरं. बघ. मी थांबतो. थांबणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे, पण ताईनं पान्ह्यांच्या कपाटाची किल्ली दिलीय. इमारतीतल्या सगळ्यांचे नळ मी दुरुस्त करतोय.

बुधवारी पहिली भेट. त्या पिवळ्या घरात, बाई बरोबर असतील. मी बाहेर असेन. तुला नको असेल तर समोर येणार नाही.


१९ मार्च

ऐक,

तू आत होतीस, आतलं तुला माहीत आहे. मी तुला बाहेरचं सांगतो, कारण ते तुला दिसलं नाही.

काल तिकडं येताना बसमध्ये ती खिडकीला नाक लावून बसली होती. ताईनं विचारलं, "भीती वाटतेय का गं?" म्हणाली, "नाही. आईला वाटत असेल."

तुम्ही आत असताना मी आणि ताई बाकावर होतो. मला बसवत नव्हतं. मी त्या घराच्या अंगणात येरझाऱ्या घालत होतो, तेव्हा इन्स्पेक्टर बाई आल्या. दुसऱ्याच कामासाठी आल्या होत्या. माझ्याजवळ थांबल्या, म्हणाल्या, "झालं का?" म्हटलं, "चालू आहे." मग म्हणाल्या, "त्या टेबलाचा कंटाळा येतो मला. पण त्या दिवशी माझ्या एकटीच्या हाती असतं तर मी चुकले असते." आणि गेल्या.

दार उघडलं तेव्हा मुंगी आधी बाहेर आली. तिच्या मागं मला तुझा चेहरा दिसला. तू रडलेली होतीस, ती नाही. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "चल." फाटकाबाहेर पडेपर्यंत ठीक होती. बसथांब्यावर तिला उलटी झाली. ताईनं पाणी दिलं, तोंड पुसलं. ती म्हणाली, "आईला सांगू नका." म्हणून विचार केला की सांगू की नको. पण आता कुणी कुणासाठी काही लपवायचं नाही असं माझ्या वर्गातली ती आजी रोज ओरडून सांगते, म्हणून सांगतोय.

मग बसमध्ये तिनं सगळं सांगितलं. तू तिला म्हणालीस, "मी मारलं. तुझं काही चुकलं नव्हतं. गणित चुकलं म्हणून कुणी कुणाला मारत नाही." आणि तिनं, "मला माहीत होतं," असं म्हटलं. ताईनं विचारलं, "खरंच माहीत होतं?" तर म्हणाली, "नाही. पण आई रडत होती."

तू तिच्या केसांना हात लावायच्या आधी विचारलंस, "लावू का?" हे तिनं दोनदा सांगितलं. एकदा ताईला, एकदा घरी आल्यावर भाऊजींना. तिला त्याचं फार नवल वाटलंय.

रात्री जेवली. दूध प्यायली. झोपायच्या आधी मला विचारलं, "पुढच्या बुधवारी पण जायचं?"

म्हटलं, "तुला जायचं असेल तर. नको असेल तर नको. बाईंनी सांगितलंय, तू ठरवायचं."

"जायचंय. पण आई कुठं बसणार?"

"म्हणजे?"

"आज ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. मला दाराजवळ बसायचंय."

मी म्हणालो, सांगतो आईला.

तेवढ्यासाठीच आज लगेच लिहायला बसलो. पुढच्या बुधवारी तू आतल्या बाजूच्या खुर्चीवर बस. दाराजवळची तिला सोड.